मोटर मोबाईलवर, तरी ऊस वाळतोय? या चुका टाळा

फोनवरून मोटर चालू-बंद करणारे मोबाईल स्टार्टर आले आणि रात्री दोनला बॅटरी घेऊन नदीकाठी जाणं बऱ्याच जणांचं सुटलं. ते सुख खरं आहे. पण ‘यंत्र बोगस निघालं’ म्हणून जी गाऱ्हाणी ऐकू येतात, त्यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. बहुतेकदा घोळ भोवतालच्या जोडणीत असतो.

फोनच लागत नसेल तर आधी स्टार्टरच्या पेटीतलं सिम बघा. रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की इनकमिंगही बंद होतं, आणि पेटीतल्या सिमचं रिचार्ज कुणाच्याच लक्षात राहत नाही. अँटेना लोखंडी पेटीच्या आत कोंबलेली असेल तर बाहेर काढून उंच बांधा. आणखी एक, नोंदवलेला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराचा आणि पाणी पाजायला रानात आबा! बहुतेक स्टार्टरमध्ये एकाहून जास्त नंबर चालतात. आबांचाही नोंदवा, गड्याचाही.

मोटर सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर ड्राय-रनचा, म्हणजे मोटर पाण्याविना फिरण्याचा, संशय घ्या. पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व गळतो, पाइपातलं पाणी उतरतं, मोटर कोरडी फिरते, अँपिअर घटतात आणि पेटी ती तोडते. म्हणजे पेटी आपलं काम चोख करतेय. तरीही वायरमनला सांगून तिला बायपास करून घेणारे महाभाग आहेतच. मग वाइंडिंग जळतं. मोटर रिवाइंड केली किंवा पंप बदलला की अँपिअरचं सेटिंग नव्यानं करावं लागतं, तेही करून घ्या.

लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोचा मामला वेगळा आहे. लाइट आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज बसतं आणि फ्यूज उडतो, कधी डीपीच जातो. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण उगाच सांगत नाही. तरी ऑटो ठेवायचंच असेल तर उशिरानं सुरू होण्याची सोय वापरा आणि डीपीवरच्या सगळ्यांनी बसून ठरवा, कुणाची दोन मिनिटांनी, कुणाची पाच. दुरुस्तीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा आणि किटकॅट (फ्यूजची खुंटी) काढून खिशात घाला. मोबाईलवरून मोटर बंद केली म्हणून लाइन बंद झालेली नसते.

ठिबकाचा टायमर सकाळी सहाला लावलाय आणि शेतीच्या थ्री फेज लाइटची पाळी रात्रीवर गेली, तर व्हॉल्व उघडेल पण पाणी येणार नाही. घड्याळाच्या वेळेपेक्षा ‘मोटर चालू झाल्यापासून इतके तास’ असा प्रोग्रॅम लावा. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाबाचा गेज रोज बघा. फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की फिल्टर धुवायचा. पावसाळ्यात पंचगंगेचं गढूळ पाणी, उन्हाळ्यात शेवाळ. माझं स्पष्ट मत आहे, सेन्सरवर पैसे घालण्याआधी चांगल्या सँड फिल्टरवर घाला.

बारामतीच्या एआय-ऊस प्रयोगाची (सेन्सर आणि एआयच्या सल्ल्यावर ऊस घेण्याच्या) चर्चा झाल्यापासून इकडे कोल्हापूर भागातही सेन्सरची चौकशी वाढली आहे. सेन्सर चांगले आहेत, पण ते खोटंही बोलतात. टेन्सिओमीटरचा, म्हणजे मातीतली ओल मोजणाऱ्या पाण्याच्या नळीचा, काटा शून्यावर म्हणजे जमीन पाण्यानं भरलेली. मात्र काळं रान फार वाळलं, काटा ऐंशी सेंटीबारच्या पुढे गेला, की नळीत हवा शिरते आणि काटा पुन्हा शून्याकडे घसरतो. रान तडकलेलं आणि काटा सांगतो भरपूर ओल! नळीत बुडबुडे दिसले तर उकळून गार केलेलं पाणी भरा. विजेवरच्या सेन्सरभोवती भेग पडली तर तो उलटं करतो, ओल असून कोरडं दाखवतो. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत तोच कोरड्या मातीलाही ओली म्हणू शकतो, कारण मातीतले क्षार त्याला फसवतात. म्हणून सेन्सर सरीच्या टोकाला किंवा बांधाकडेला न लावता मुळांच्या पट्ट्यात, माती घट्ट दाबून लावा. पहिले काही आठवडे फूटभर खोलीची माती मुठीत वळून आकड्याशी ताडून बघा.

ड्रोनच्या दहा लिटरच्या टाकीत साधारण एकराची फवारणी होते. पाठीवरच्या पंपाचं ‘लिटरला इतकं’ हे प्रमाण तिथे लावू नका. औषधाच्या लेबलवरची एकरी मात्रा धरा आणि ड्रोनसाठी शिफारस आहे का ते बघा. वारं असताना तणनाशक तर नकोच. टू-फोर-डी शेजाऱ्याच्या टोमॅटोवर उडालं की भांडण ठरलेलं. पायलटकडे प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा.

नदीकाठच्या पेट्यांचं काय होतं, ते 2019 आणि 2021 च्या पुरानं दाखवलंय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. पण 39 ची वाट बघत बसू नका, मोटर काढायच्या दिवशीच स्टार्टरची पेटीही उतरवा. सोडवण्याआधी जोडणीचा फोटो काढा आणि वायरींना चिठ्ठ्या बांधा. पाण्यात बुडालेली पेटी वरून वाळली म्हणून लगेच लाइट देऊ नका, आधी वायरमनकडून तपासून घ्या.