भाला, बोया आणि शिसे: काय बांधावे, काय सुटू द्यावे

ऑकलंडच्या उत्तरेला ली या गावाजवळच्या खडकांवरून मी भाल्याची बंदूक घेऊन पाण्यात उतरू लागलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझा मास्क गेला. फिन्स, म्हणजे पायांत घालायचे पोहण्याचे पंख, चढवताना तो कपाळावर सरकवला होता आणि मागून आलेली लाट तो घेऊन गेली. तेव्हापासून डोळ्यांवर चढेपर्यंत माझा मास्क गळ्यातच असतो. हे नुकसान स्वस्तातले होते. पुढची महाग पडली.

सर्वांत मोठा फटका बंदुकीचा. माझ्या पहिल्या बंदुकीत भाल्याची नायलॉन दोरी थेट बंदुकीलाच बांधलेली होती आणि दुकानातून आणलेली ती रचना बदलावी, असे मला सुचलेही नव्हते. एका मोठ्या किंगफिशला भाला लागला, तो सरळ खाली खडकाच्या कपारीकडे निघाला आणि माझा श्वास संपत आल्यावर मी मूठ सोडली. मासा, भाला आणि बंदूक तिन्ही गेली. मूठ सोडण्याचा निर्णय बरोबर होता. चूक किनाऱ्यावर, गाठ मारताना झाली होती. आता माझ्या भाल्याची दोरी लवचिक तुकड्याने पंचवीस मीटरच्या दोरीला आणि ती पृष्ठभागावरच्या बोयाला जोडलेली असते. भाला सुटताच बंदूक मोकळी होते आणि माशाला मी नव्हे, बोया थोपवतो.

तरीही भाले जातात, कारण किंगफिश कपारीत शिरला की शिंपल्यांच्या धारेवर नायलॉन कापले जाते. जखमी मासा हातचा जाणे भाला गमावण्यापेक्षा जास्त बोचते. म्हणून प्रत्येक फेरीआधी मी दोरीच्या संपूर्ण लांबीवरून अंगठ्याचे नख फिरवतो. नख जिथे अडते तिथे खाच असते आणि खाच असलेली दोरी त्याच दिवशी बदलायची. इथे किंगफिशची किमान लांबी ७५ सेंटीमीटर आहे आणि भाला लागलेला मासा सोडून देण्यात अर्थ नसतो, त्यामुळे मोजमाप चाप ओढण्याआधी नजरेनेच करावे लागते.

बोया सुटला तर नुकसान केवळ बोयाचे नसते. त्यावर पाणबुड्याचा ध्वज असतो आणि त्या ध्वजाच्या २०० मीटर परिसरात बोटींना ५ नॉटपेक्षा वेगाने जाता येत नाही. बोया वाहून गेला की बोटवाल्याला आपण दिसतच नाही, म्हणून शोधाशोध न करता पाण्याबाहेर पडावे.

पाण्याखाली जाता यावे म्हणून कमरेला बांधतात त्या शिशाच्या पट्ट्याचे गणित मात्र उलटे आहे. नवखा माणूस तो पक्का बसावा म्हणून धडपडतो, पण तो एका हाताने, एका ओढीत सुटला पाहिजे आणि इतर कोणत्याही पट्ट्याखाली दडता कामा नये. एकदा केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाच्या दाटीत बोयाची दोरी माझ्या पायात अडकली. सुरी काढायला वेळ लागला, दोरी कापली आणि पट्टा सोडून वर आलो. वर माझा जोडीदार माझ्यावरच डोळे ठेवून होता. एकटा असतो तर ही हकीकत लिहायला मी कदाचित उरलो नसतो. सात किलो शिसे तळाशी राहिले. त्याचे मला वाईट वाटले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल, कारण शिसे इथे स्वस्त नाही.

हरवलेली वस्तू पुन्हा शोधायची असेल तर मालवणच्या माझ्या काकांची रीत उपयोगी पडते. ते समुद्रात जागा लक्षात ठेवताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरत आणि तशीच दुसरी रेषा आडवी घेत. मी इथे एका झाडाची आणि एका घराच्या धुराड्याची रेषा धरून त्या पट्ट्यापर्यंत तीन आठवड्यांनी पोहोचलो. बकल केल्पच्या मुळांत रुतले होते, पण शिसे शाबूत होते.

बदली सामान घेताना सर्वच नवे घेण्याची गरज नसते. शिसे, बंदुकीची नळी आणि मूठ जुनी चालते. फिन्सही जुन्या चालतात, मात्र खडकांवरून उतरणाऱ्याने कार्बनच्या न घेता प्लॅस्टिकच्या घ्याव्यात. रबर आणि दोरी जुनी कधीच घेऊ नये. रबर ताणून त्याच्या टोकांपाशी पाहावे. उन्हाने खाल्लेल्या रबरावर तिथे केसासारख्या बारीक भेगा दिसतात, आणि असे रबर बंदूक भरतानाच तुटून तोंडावर बसते.