तोंडातले जिवाणू रक्तात सापडतात तेव्हा: मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

घशाच्या स्वॅबवर ‘नॉर्मल फ्लोरा’ लिहून जे जिवाणू आपण रोज बाजूला सारतो, तेच ब्लड कल्चरमधून किंवा मेंदूतल्या गळवाच्या पुवातून आले की नवे रेसिडेंट आणि टेक्निशियन हमखास अडखळतात. एकतर कंटॅमिनेशन समजून प्लेट टाकून दिली जाते, नाहीतर नुसतं ‘विरिडान्स स्ट्रेप्टोकोकाय’ (तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा मोठा समूह; मायटिस, अँजायनोसस, म्युटन्स, सॅलिव्हेरियस हे त्यातले गट) लिहून रिपोर्ट वर जातो. हा दुसरा प्रकार दिसायला बरोबर असतो, पण डॉक्टरच्या हातात त्यातून काहीच पडत नाही. कुठला गट आहे हे कळलं, तर संसर्गाचं मूळ कुठे शोधायचं ते कळतं. वर्गीकरण शिकायचं ते एवढ्यासाठी.

प्लेटकडे वळण्याआधी बाटल्या मोजा. प्रौढ रुग्णात एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त, आणि वेगवेगळ्या जागी सुई टोचून घेतलेले दोन-तीन संच, तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. तीन संचांपैकी एकाच बाटलीत वाढ आणि रुग्णाला ताप नाही, तर ते बहुधा कातडीवरून किंवा रक्त घेणाऱ्याच्या तोंडातून आलेलं असतं. दोन वेगळ्या संचांत तोच जिवाणू आला, तर हृदयाच्या झडपेचा संसर्ग नाही असं सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चाला. याला एक मोठा अपवाद आहे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या आणि तोंड सोललेल्या रुग्णात मायटिस गटाचा स्ट्रेप्टोकोकस एकाच बाटलीत आला तरी लगेच फोन करा. या रुग्णांत तो शॉक आणि फुप्फुसं निकामी होण्यापर्यंत नेऊ शकतो.

मायटिस गटाची खरी अडचण म्हणजे त्याचं न्यूमोकोकसशी (न्यूमोनियाच्या जिवाणूशी) जवळचं नातं. १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम दोघांत ९९ टक्क्यांहून जास्त जुळतो, त्यामुळे ते जनुक वाचूनही उत्तर मिळत नाही आणि माल्डी-टॉफसुद्धा (प्रथिनांवरून जिवाणू ओळखणारं यंत्र) फसतं. इथे जुन्या चाचण्याच कामाला येतात. ब्लड अगरवर ६ मिलिमीटरची ऑप्टोचिन (न्यूमोकोकसची वाढ रोखणारं रसायन) डिस्क ठेवा आणि प्लेट ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. १४ मिलिमीटर किंवा जास्त झोन (डिस्कभोवतीचा वाढ नसलेला घेर) म्हणजे न्यूमोकोकस, झोनच नाही तर विरिडान्स. मधला, ७ ते १३ मिलिमीटरचा झोन आला तर बाइल सोल्युबिलिटी (पित्तक्षार घातल्यावर जिवाणूंचा गढूळ द्रव निवळतो का, ही चाचणी; न्यूमोकोकस असेल तर निवळतो) केल्याशिवाय काहीही लिहू नका. प्लेट साध्या हवेत ठेवली तर झोन मोठा येतो आणि मायटिसचा न्यूमोकोकस होऊन बसतो. ही चूक आम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहतो. २००४ मध्ये वर्णन झालेला स्ट्रेप्टोकोकस स्यूडोन्यूमोनिई तर नेमका असाच वागतो: हवेत ऑप्टोचिनला संवेदनशील, कार्बन डायऑक्साइडमध्ये प्रतिरोधक. बाइल सोल्युबिलिटीत सलाइनची कंट्रोल नळी कधीही वगळू नका. तीही निवळली तर चाचणी बाद.

अँजायनोसस गट मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे आणि नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ यावर द्यावा. अँजायनोसस, इंटरमीडियस आणि कॉन्स्टेलेटस हे तिघे गळू करतात: मेंदूत, यकृतात, फुप्फुसाच्या आवरणात, पोटात. जुन्या रिपोर्टांत त्यांना ‘मिलेरी’ म्हटलेलं आढळेल. कॉलन्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. २४ तासांनी प्लेट उजेडासमोर तिरकी धरली तरच दिसतात. झाकण उघडताच बऱ्याचदा कॅरॅमलसारखा गोडसर वास येतो (प्लेट नाकाशी नेऊन हुंगायची मात्र नाही). हिमोलिसिसवर (कॉलनीभोवतीचं रक्त फुटण्यावर) विसंबू नका: अल्फा (अर्धवट), बीटा (पूर्ण) किंवा काहीच नाही, तिन्ही प्रकार दिसतात. बीटा असेल आणि लान्सफील्ड टायपिंगमध्ये (पेशीभित्तीतल्या प्रतिजनावरून गट ठरवण्यात) गट ए आला, तर घाईत पायोजेनस असा रिपोर्ट जातो. तिथे पीवायआर (एका विकराची झटपट चाचणी) करा. पायोजेनस पॉझिटिव्ह येतो, अँजायनोसस गट निगेटिव्ह. व्होगेस-प्रॉस्कॉअर (व्हीपी) चाचणीत मात्र उलटं घडतं. रक्तात हा गट सापडला, की ‘खोलवर गळू आहे का ते पाहावं’ एवढं एक वाक्य रिपोर्टच्या शेऱ्यात लिहा. त्या वाक्यामुळे स्कॅन लवकर होतो.

म्युटन्स दात किडवतो हे सगळ्यांना माहीत असतं. झडपेवर तो क्वचित बसतो. सॅलिव्हेरियस रक्तात आला तर बऱ्याचदा कंटॅमिनेशन निघतं, पण मणक्यातल्या पाण्यात आला तर रुग्णाला नुकतीच पाठीत सुई टोचली होती का, हे विचारा. मास्क न घालता स्पायनल किंवा लंबर पंक्चर करणाऱ्याच्या तोंडातले थेंब सुईबरोबर आत जातात आणि मेंदूज्वर होतो. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) २००७ मध्ये अशा प्रक्रियांसाठी मास्कची शिफारस केली, ती यामुळेच. बोव्हिस गट पूर्वी विरिडान्समध्ये धरत, पण तो आतड्यातला आहे. त्याला या यादीत घुसडू नका. त्यातला गॅलोलिटिकस रक्तात आला, तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करावी लागते.

आता एक प्रसंग जो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मशिनने बाटली पॉझिटिव्ह दाखवली, ग्राम स्टेनमध्ये कोकाय स्पष्ट आहेत, पण दुसऱ्या दिवशी शीप ब्लड अगर कोरडा ठणठणीत. ‘जिवाणू मेले’ असं समजू नका. अॅबायोट्रोफिया किंवा ग्रॅन्युलिकॅटेला असण्याची शक्यता धरा. त्यांना पायरिडॉक्सल (जीवनसत्त्व बी६ चं एक रूप) लागतं. ते बाटलीत असतं, शीप ब्लड अगरमध्ये नसतं. बाटलीतला द्रव ब्लड अगरवर एकसारखा पसरा, त्यावरून स्टॅफिलोकोकस ऑरियसची एकच रेघ ओढा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ३५ अंशांवर ठेवा. रेघेच्या दोन्ही काठांना बारीक कॉलन्या उगवल्या आणि लांब काहीच नाही, तर निदान पक्कं. रेघ जाड ओढू नका, कॉलन्या तिच्याखाली गडप होतात. सेन्सिटिव्हिटीच्या माध्यमातही ०.००१ टक्के पायरिडॉक्सल घालावं लागतं, नाहीतर कंट्रोलच वाढत नाही. झडपेच्या संसर्गात यांच्यावरचे उपचार साध्या विरिडान्सपेक्षा अवघड जातात, म्हणून नाव नेमकं हवं.

जेमेला ग्राम स्टेनमध्ये रंग पटकन सोडतो आणि गुलाबी दिसून निसेरिया वाटतो. हिमोलायसन्स पूर्वी खरोखर त्याच वंशात होता. रोथिया म्युसिलॅजिनोसा प्लेटला चिकटून बसतो, लूपने उचलता उचलत नाही.

ग्राम निगेटिव्हांत हॅसेक गट (नाव पुढच्या पाचांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून): हिमोफिलस, अॅग्रेगॅटिबॅक्टर, कार्डिओबॅक्टेरियम, आयकेनेला, किंगेला. चॉकलेट अगरवर वाढतात, मॅककॉन्कीवर सहसा नाही. आजच्या मशिनमध्ये पाच दिवस पुरतात, तीन आठवडे बाटल्या सांभाळायची जुनी पद्धत सोडून द्या. आयकेनेलाला ब्लीचचा वास येतो आणि बऱ्याचदा तो अगरमध्ये खड्डा पाडतो. माणसाच्या चाव्यात किंवा समोरच्याच्या दातावर मूठ लागून झालेल्या जखमेत तो असतो आणि क्लिंडामायसिनला दाद देत नाही, हे डॉक्टरला आवर्जून कळवा. लहान मुलाच्या सांध्यातलं पाणी आलं, तर प्लेटवर टाकण्याबरोबर थोडं ब्लड कल्चरच्या बाटलीतही घाला. किंगेला किंगे प्लेटवर न येता बाटलीत येतो.

घशातल्या निरुपद्रवी निसेरियांपैकी सिनेरिया सर्वांत धोक्याचा, पण रुग्णापेक्षा रिपोर्टसाठी. काही किटांवर तो गोनोरिया (परम्याचा जिवाणू) दिसतो. मुलाच्या नमुन्यात असा निष्कर्ष गेला तर थेट लैंगिक अत्याचाराच्या चौकशीची वेळ येते. म्हणून वेगळ्या तत्त्वावरच्या दोन चाचण्या जुळल्याशिवाय गोनोरिया लिहायचं नाही. कोलिस्टिन डिस्क लावून बघा: सिनेरिया संवेदनशील असतो, गोनोरिया नसतो.

शेवटी सेन्सिटिव्हिटी. विरिडान्ससाठी पेनिसिलिनची डिस्क लावू नका, एमआयसीच (वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण) काढा. सीएलएसआयप्रमाणे (प्रयोगशाळांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ०.१२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी म्हणजे संवेदनशील, ०.२५ ते २ म्हणजे मध्यम, ४ किंवा जास्त म्हणजे प्रतिरोधक. रिपोर्टवर आकडाही द्या, नुसतं एस किंवा आर नको, कारण झडपेच्या संसर्गात औषधांची जोडी आणि कालावधी त्या आकड्यावर ठरतो. आणि निर्जंतुक जागेतून आलेला असा प्रत्येक जिवाणू ग्लिसरॉल घातलेल्या माध्यमात उणे ७० अंशांवर जपून ठेवा. उपचारानंतर ताप परत आला, तर जुना जिवाणू आणि नवा जिवाणू शेजारी ठेवून तपासावे लागतात.