मझामाची प्रदक्षिणा आणि माझी डावी टाच

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या क्रेटर लेक या तळ्याभोवतीची हिवाळी स्की-फेरी आम्ही पाच जणांनी केली त्याला दोन हिवाळे झाले. माझ्या डाव्या टाचेवर रुपयाएवढा गुलाबी डाग अजून आहे. तळ्याचे फोटो तुम्हाला कुठेही मिळतील, मी त्या डागाबद्दल लिहिणार आहे.

तुम्हाला स्कीवर धड उभं राहता येतं, बर्फात टेंट ठोकून दोन-तीन रात्री काढल्या आहेत, हिमस्खलनाचा पहिल्या पातळीचा कोर्स झालाय आणि बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तिन्ही तुमची स्वतःची आहेत, इतकं मी धरून चालते. कोर्स झाला नसेल तर आधी तो करा. ‘ग्रुपमध्ये दोघांचा झालाय ना, बास’ हे मला अजिबात पटत नाही. ज्या दोघांचा झालाय तेच गाडले गेले तर उकरणार कोण?

आधी जागेबद्दल थोडं. ही डोंगराभोवतीची फेरी आहे, फक्त डोंगर जागेवर नाही. मझामा नावाचा ज्वालामुखी साधारण 7,700 वर्षांपूर्वी फुटला, पोट रिकामं झालं आणि माथा आतल्या आत बसला. त्या खड्ड्यात पावसाचं नि बर्फाचं पाणी साठून 594 मीटर खोल तळं झालं, अमेरिकेतलं सगळ्यात खोल. आई फोनवर त्याला ‘तुमचं लोणार’ म्हणते. लोणार उल्केनं झालं, हे स्वतःच खचलं, असं मी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. काठावरून 33 मैलांचा, म्हणजे 53 किलोमीटरचा, रस्ता फिरतो. तो हिवाळ्यात बर्फाखाली असतो. वर्षाला सरासरी 40 फुटांहून जास्त बर्फ पडतो तिथे. फक्त काठावरच्या रिम व्हिलेज या ठाण्यापर्यंतचा रस्ता यंत्रांनी मोकळा ठेवतात, तोही हवा चांगली असली तर. रात्री मुक्काम करायचा तर परवाना लागतो. बहुतेक लोक तीन दिवस घेतात आणि घड्याळाच्या दिशेनं जातात, म्हणजे तळं सतत उजव्या हाताला. नर्मदा परिक्रमेसारखंच. आमच्यातल्या अमेरिकनांना हे सांगितल्यावर ते फार खूश झाले.

मी मूळची नाशिकची. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं, हे सगळं पंचविशीत झालेलं. स्की मात्र छत्तिसाव्या वर्षी, पोर्टलंडला आल्यावर, ट्रिलियम लेकच्या सपाट वाटेवर पडत-झडत शिकले. आणि सह्याद्रीतल्या माणसाला जो माज असतो तो माझ्यातही होता: चालणं काय, ते तर येतंच.

तर टाच.

पहिल्या दिवशी सकाळी उणे नऊ होतं. तळं निळंशार, त्यातलं विझर्ड आयलंड बेट पिठीसाखर भुरभुरल्यासारखं. निघून चाळीस मिनिटं झाली असतील, डाव्या टाचेला ऊब जाणवायला लागली. दुखत नव्हतं. चटका नव्हता. बाकी दोन्ही पावलं गार पडलेली आणि तेवढीच एक जागा छान उबदार. मला बरं वाटलं हो! ‘चला, पाय गरम व्हायला लागले’ असं मी मनात म्हटलेलं मला स्पष्ट आठवतंय.

हाच सापळा. म्हणून सावकाश सांगते, कंटाळा आला तरी वाचा. उन्हाळी ट्रेकमध्ये बूट चावायला लागला की लगेच कळतं, कारण सगळा पाय गरमच असतो आणि त्यात एक जागा दुखते. कडाक्याच्या थंडीत घर्षणाची ऊब सुखाची वाटते. आणि स्कीवर चढताना टाच बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीतून, मोकळी असते, पाय फक्त चवड्याशी अडकवलेला. दर पावलाला टाच उचलली जाते. बूट जरा सैल असला की ती आत वरखाली घासते. एक पाऊल मीटरभराचं धरलं तर 53 किलोमीटरमध्ये एकच टाच पंचवीस हजारांहून जास्त वेळा उचलली जाणार. शिवाय आत घाम, म्हणजे कातडी मऊ. ऊब जाणवल्यापासून फोड यायला मला तासभरसुद्धा लागला नाही.

मग मी थांबले का नाही? याचं उत्तर बुटात नाही, स्वभावात आहे. एकाची स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी, दोनदा सुटली होती. चिकट बाजूला बर्फ लागला की ती चिकटत नाही. त्यासाठी आम्ही तोवर दोनदा थांबलो होतो, वारा बोचत होता, सगळ्यांचे चेहरे आंबलेले. त्यात मी ग्रुपमध्ये सगळ्यात नवखी. ‘आता हिचं काय’ असं कुणी म्हणू नये, म्हणून गप्प बसले. मागे वळून कुणी ‘ओके?’ विचारलं की मी अंगठा वर करायचे. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात ना, दुसऱ्याला त्रास देऊ नये. पाहुण्यांकडे तहान लागली तरी पाणी मागायचं नाही. ते वळण मी थेट क्रेटर लेकच्या काठावर घेऊन गेले.

काठावरच्या वॉचमन शिखराच्या खाली रस्ता तीव्र उतारावरून जातो, तिथं बर्फ सुटायचा धोका असतो, म्हणून खालून वळसा घालायचा असतो. वळसा म्हणजे उतरा आणि पुन्हा चढा. त्या चढावर उबेचा चटका झाला, चटक्याचा ठणका. संध्याकाळी टेंटमध्ये मोजा काढला तेव्हा फोड फुटून कातडी मोज्याला चिकटून आली. आमच्यातली सगळ्यात ज्येष्ठ बाई एकसष्ट वर्षांची, ही फेरी तिनं आधी केलेली. हेडलॅम्प टाचेवर धरून तिनं विचारलं, ‘कधीपासून?’

मी म्हटलं, ‘सकाळपासून.’

ती काही बोलली नाही. पाणी कोमट केलं, टाच पुसली, फोमच्या तुकड्याला मध्ये भोक पाडून जखमेभोवती बसवला, वरून टेप लावला. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता खरा हिशेब. फोड माझा होता, पण वेळ पाच जणांचा गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व काठावरच्या क्लाउडकॅपच्या पलीकडे मुक्काम ठरला होता, आम्ही बरेच अलीकडे अडकलो. तिसऱ्या दिवशी डटन क्लिफच्या बाजूचे उतार ऊन तापायच्या आत ओलांडायचे होते, कारण ऊन लागलेला ताजा बर्फ जड होतो आणि सुटतो. आम्ही पोचलो दुपारी दीडला. वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत खाली येत होते. ज्यांचा कोर्स झालाय त्यांना याचा अर्थ सांगायला नको: उतार सुटायच्या बेतात आहे. रस्त्यानं सरळ जायचं सोडून खालचा लांब वळसा घेतला आणि अंधार पडल्यावर, हेडलॅम्पच्या उजेडात, राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्यालयाजवळ बाहेर आलो. कुणाला काही झालं नाही. पण माझ्या भिडेपायी चार माणसं त्या उताराखाली भलत्या वेळी उभी होती, हे मला अजून रात्री कधीतरी आठवतं.

घाबरू नका. हे टाळणं अवघड नाही, अगदी घरगुती काम आहे.

बूट घेताना आतलं मऊ लायनर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. दीड ते दोन बोटं ठीक. माझ्या बुटात जवळजवळ तीन राहत होती. ते मी सेकंडहँड घेतलेले, निम्म्या किमतीत, आणि त्याचा फार अभिमान होता. स्की जुन्या घ्या, जॅकेट जुनं घ्या, टेंट उसना घ्या, पण बुटात पैसे वाचवू नका. लायनर गरम करून पायाच्या आकाराला बसवून देतात, ते करून घ्या.

दुसरी गोष्ट बकलची, आणि इथे मला एका व्हिडिओनं गंडवलं. चढताना बूट सैल ठेवा, असं त्यात सांगितलं होतं. मी सगळी बकलं सैल केली. सैल करायची ती नडगीवरची, घोटा वाकावा म्हणून. पावलाच्या वरच्या वळणावर, घोट्यापुढे, जे बकल असतं ते मात्र घट्टसर हवं, कारण तेच टाचेला तळाशी दाबून ठेवतं. रक्त थांबेल इतकं नाही, पण टाच उचलून पाहिली तर आत हलता कामा नये. चार मिनिटांच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. व्हिडिओवर बर्फ शिकणाऱ्यांची मला चीड येते आणि त्यात मी पहिली, म्हणून जास्तच येते.

तिसरं, टेप. फोड आल्यावर नाही, आधी. निघायच्या आदल्या रात्री, घरी, कोरड्या टाचेवर. टेपची टोकं कात्रीनं गोल कापा, म्हणजे मोज्यात अडकून सोलली जाणार नाहीत. बर्फात थंड, ओलसर कातडीवर टेप चिकटत नाही. लावायचाच झाला तर टाच पुसून, तळहातानं गरम करून लावा. मोजा एकच, पातळ, लोकरीचा. दोन मोजे घातले तर आत सुरकुती पडते.

आणि चौथं: ऊब जाणवली की थांबा. त्याच मिनिटाला. निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आम्ही आता न विचारता थांबतो, सगळेच. पाच मिनिटांचा थांबा, ज्याला हवं त्यानं बूट उघडावा. सगळेच थांबले की कुणाला मागावं लागत नाही. हा नियम त्या एकसष्ट वर्षांच्या बाईनं आमच्या फेरीनंतर घातला. माझं नाव न घेता.

बाकीचं भराभर सांगते, कारण ते तुम्हाला बहुधा ठाऊक आहे. काठाच्या टोकाशी फोटोला जाऊ नका, तिथं बर्फाचे छज्जे हवेत लोंबत असतात. तुम्ही उभे आहात त्याखाली जमीन आहे की नाही हे वरून कळत नाही आणि खाली सरळ तळं. तळ्यापर्यंत उतरता येत नाही, त्यामुळे प्यायला बर्फच वितळवायचा, भांड्यात आधी थोडं पाणी घालून, नाहीतर करपल्याची चव येते. इंधन वाटतं त्यापेक्षा जास्त लागतं. बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं. लायनर झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, वास सहन करा. फोनच्या रेंजवर विसंबू नका. चिक्की नेऊ नका! उणे दहाला ती दगड होते, माझ्या मित्राची दाढ थोडक्यात वाचली. दाण्याचा लाडू चालतो, मेतकूट-भात तर स्वर्ग.

लीडर कसा निवडावा, असं बरेच जण विचारतात. शिखरांची यादी ऐकवणारा मला नको वाटतो. मी एवढंच बघते की तो कितीदा मागे फिरलाय आणि ते सांगताना त्याला लाज वाटते का. ‘काही होत नाही, येशील तू’ असं नवख्याला पाठीवर थाप मारून सांगणाऱ्यापासून जरा लांब राहा. मलाही एकानं तसंच सांगितलं होतं, बुटांकडे न बघता. वाईट माणूस नव्हता. त्याला त्याची टाच दुखत नव्हती, एवढंच.

आणि हो, फेरी जमते. मी उशिरा शिकलेली, सैल बुटातली, फुटक्या टाचेची बाई पूर्ण फिरून आले. दुसऱ्या पहाटे टेंटची चेन उघडली तेव्हा वारा पूर्ण पडला होता आणि तळ्यात समोरचा अख्खा काठ उलटा दिसत होता. थंडी इतकी, तरी पाणी गोठलेलं नाही. ते 1949 नंतर पूर्ण गोठलेलंच नाही. त्या दहा मिनिटांत टाच दुखत नव्हती.

गेल्या जानेवारीत ट्रिलियमला आमच्याबरोबर पुण्याची एक मुलगी आली होती, तिची दुसरीच खेप. वीसेक मिनिटं झाली असतील. ती मुकाट चालत होती, जरा जास्तच मुकाट. मी मागे जाऊन विचारलं, ‘पाय कसे आहेत?’

‘मस्त आहेत ताई. उजव्या टाचेला तर छान ऊब आलीये.’

‘बस खाली,’ मी म्हटलं. ‘बूट काढ.’