नजर अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी घराची मांडणी

घरातील ज्येष्ठाची नजर मंदावली की आपण काळजीपोटी त्यांच्या हातचे काम काढून घेतो. खरे तर काम त्यांच्याकडेच राहू द्यावे आणि भोवतालची मांडणी बदलावी. त्याआधी नेत्रतपासणी अवश्य करावी, कारण मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही.

नेमके काय दिसत नाही, हे त्यांनाच विचारावे. काचबिंदूत बहुधा कडेचे दिसणे आधी जाते, त्यामुळे खांदा चौकटीवर आपटतो; वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजला असेल तर समोरचा चेहरा दिसत नाही, परंतु बाजूने गेलेली मांजर दिसते. अशा माणसाने ओळख दाखवली नाही म्हणून रुसू नये. खोलीत शिरताना आपले नाव सांगावे.

आपल्याकडे ताटाची डावी-उजवी बाजू पूर्वीपासून ठरलेली आहे: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी. तीच मांडणी रोज न चुकता ठेवावी. माझ्या आईला चकचकीत स्टीलच्या ताटातला भात दिसत नसे. गडद निळ्या ताटात वाढू लागल्यावर तिचे चाचपडणे थांबले. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या घरात नागलीच्या (नाचणीच्या) काळसर भाकरीला उलट फिकट ताट हवे. जुन्या नाशकातील मुस्लिम कुटुंबात सगळे एका दस्तरखानावर (जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर) जेवत असतील, तर वडीलधाऱ्यांची बसायची जागा, पेल्याची बाजू आणि वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या, लोट्याचा कोपरा कायम ठेवावा. ज्या घराची जी रीत असेल, तिलाच धरून बदल करावेत.

वाड्यातल्या अंधाऱ्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला आणि उंबऱ्याला दोन बोटे रुंद पिवळा ऑइल पेंट लावावा. औषधाच्या सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. पाकिटात 500 ची नोट घडी घालून आणि 100 ची उघडी ठेवावी. दोहोंच्या लांबीत केवळ 8 मिलिमीटरचा फरक असतो.

गोदाघाटावर नेताना त्यांचा हात धरून ओढू नये. त्यांना आपला कोपराजवळचा दंड धरू द्यावा, अर्धे पाऊल पुढे चालावे आणि पायरी आली की थांबून ‘खाली’ किंवा ‘वर’ असे सांगावे. शेवटची पायरी झाली, हेही सांगावे. नाहीतर सपाट फरशीवरही पाय पुढची पायरी शोधत राहतो.