एकच स्टेडियम, क्रिकेट आणि बेसबॉल: विद्यापीठांनी या चुका टाळाव्यात

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स इथल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने काही वर्षांपूर्वी एक कल्पना मांडली. पश्चिमेकडच्या आवारात नवं स्टेडियम बांधायचं. विद्यापीठाचा बेसबॉल संघ आणि मेजर लीग क्रिकेट या अमेरिकेतल्या टी-२० लीगमधला वॉशिंग्टन फ्रीडम हा संघ, दोघांनी ते वापरायचं. वॉशिंग्टन फ्रीडम म्हणजे आपल्या सौरभ नेत्रावळकरचा संघ, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही त्याची चर्चा झाली. दोन्ही खेळांत बॅट आहे, बॉल आहे, हिरवळ आहे, मग अडचण काय, असा बहुतेकांचा सूर होता.

अडचण आहे, आणि ती नकाशावर पहिली रेघ ओढतानाच सुरू होते. एखादं विद्यापीठ किंवा तुमच्या गावातला क्लब असा घाट घालत असेल, तर कुठे घसरायला होतं ते आधीच पाहून ठेवलेलं बरं.

बेसबॉलचं मैदान आखून मग त्यात क्रिकेट कोंबणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. विद्यापीठाकडे बेसबॉल संघ असतोच, म्हणून वास्तुविशारद आधी होम प्लेट, म्हणजे बॅटर जिथे उभा राहतो ती जागा, ठेवतो, तिच्याभोवती खुर्च्यांचा पंखा उघडतो आणि उरलेल्या हिरवळीवर क्रिकेटची पट्टी शोधत बसतो.

आकडे मांडून बघा. कॉलेज बेसबॉलच्या चांगल्या मैदानावर होम प्लेटपासून काटकोनात निघणाऱ्या दोन्ही कडेच्या रेषांवर, म्हणजे फाउल लाइनवर, कुंपण सुमारे ३३० फुटांवर, म्हणजे १०० मीटरवर असतं. मधोमध, सेंटर फील्डला ते ४०० फूट, म्हणजे १२२ मीटर. होम प्लेटच्या मागे जाळीपर्यंत ६० फूट, म्हणजे १८ मीटर. याचा अर्थ जाळीपासून सेंटरच्या कुंपणापर्यंत मैदानाची लांबी १४० मीटर.

आता क्रिकेट. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी खेळपट्टीच्या मध्यापासून समोरच्या दोन्ही सीमारेषा किमान ६४ मीटरवर हव्यात. बाजूच्या दोन सीमारेषांमधलं अंतर किमान १३७ मीटर हवं आणि त्यातली छोटी बाजू ५९ मीटरच्या खाली जायला नको. शिवाय दोरी आणि कुंपण यांच्यात पावणेतीन मीटर मोकळे, नाहीतर सीमेवर झेप घेणारा खेळाडू थेट भिंतीवर आदळतो.

खेळपट्टी होम प्लेटपासून साधारण ५५ मीटरवर, सेकंड बेसच्या (होम प्लेटच्या बरोबर समोरच्या थांब्याच्या) मागच्या हिरवळीत, आडवी येते. आडवी का, ते पुढे. तिथून सेंटरच्या कुंपणापर्यंत ६७ मीटर, जाळीपर्यंत ७३. दोन्हीकडचे पावणेतीन मीटर वजा केले की हाती उरतात सुमारे १३५ मीटर. म्हणजे बेसबॉलचं नमुनेदार मैदान क्रिकेटला दोन-अडीच मीटरने कमी पडतं. आडव्या दिशेने तर फाउल लाइनच्या बाहेर प्रत्येक बाजूला १२ मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते, आणि कॉलेजच्या मैदानावर नेमक्या तिथेच प्रेक्षकांच्या पायऱ्या, डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) आणि बुलपेन (राखीव पिचरची सरावाची जागा) बांधलेले असतात. दोन-अडीच मीटर कमी म्हणजे काही नाही असं वाटतं खरं, पण सामन्याची मान्यता त्यावरच अडते. पक्क्या काँक्रीटच्या पायऱ्या मागे सरकवणं सोपं नसतं.

उपाय उलटा आहे. आधी क्रिकेटचं लंबवर्तुळ आखा, मग त्यात हिरा, म्हणजे बेसबॉलचा चार थांब्यांचा चौकोन, बसवा. लंबवर्तुळात बेसबॉल सहज मावतो. सिडनी क्रिकेट ग्राउंडवर मार्च २०१४ मध्ये डॉजर्स आणि डायमंडबॅक्स हे संघ मेजर लीग बेसबॉलच्या हंगामाचे पहिले सामने खेळून गेले. मेलबर्नच्या मैदानावर तर १९५६ च्या ऑलिंपिकमध्येच बेसबॉलचा प्रदर्शनी सामना झाला होता. सेंटर फील्डचं कुंपण सुटं ठेवलं, खांबांवर उभं राहणारं आणि मोसम संपला की काढता येणारं, की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

ज्यांच्याकडे जुनं बेसबॉल मैदान आहे त्यांनी आधी फाउल लाइनच्या बाहेरची जागा मोजावी. ऑकलंडच्या कॉलिझियममध्ये २०२५ चा मेजर लीग क्रिकेटचा हंगाम सुरू होऊ शकला, कारण त्या मैदानाची ओळखच फाउल भागातल्या ऐसपैस जागेसाठी होती. पहिल्याच सामन्यात फिन ॲलनने वॉशिंग्टन फ्रीडमविरुद्ध ५१ चेंडूंत १५१ धावा करताना १९ षटकार मारले, हा टी-२० मधला विक्रम. षटकारांचं श्रेय ॲलनलाच, पण गोलंदाजांनी सीमारेषेकडे कशा नजरेने पाहिलं असेल ते समजू शकतं.

खेळपट्टी कुठल्या दिशेला, हे शेवटी ठरवणे

क्रिकेटची खेळपट्टी उत्तर-दक्षिण असावी हे शिवाजी पार्कवर वाढलेल्या पोरालाही ठाऊक असतं. बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी असं सुचवलेलं आहे, म्हणजे संध्याकाळचा सूर्य बॅटरच्या पाठीशी राहतो. दोन्ही खेळांचं दुखणं सूर्यच, फक्त औषध वेगळं.

इथे बहुतेक आराखड्यांत खेळपट्टी होम प्लेट आणि सेंटर फील्ड यांच्या रेषेत ठेवलेली दिसते, कारण मुख्य प्रेक्षागृह तिथे आहे आणि टीव्हीचा कॅमेराही. चित्र छान दिसतं. पण मग संध्याकाळच्या सामन्यात एका टोकाच्या फलंदाजाच्या डोळ्यांत सूर्य जातो. जानेवारी २०१९ मध्ये नेपियरला भारत-न्यूझीलंड सामना याच कारणाने थांबला होता. पाऊस नाही, वीज गेली नाही, मावळतीच्या सूर्यापायी सगळे अर्धा तास बसून राहिले.

दुसरं, आणि माझ्या मते जास्त गंभीर, म्हणजे रन-अप. पट्टी त्याच रेषेत ठेवली तर होम प्लेटच्या टोकाकडून धावणारा वेगवान गोलंदाज माउंडच्या, म्हणजे पिचरच्या उंचवट्याच्या, पायथ्यापासून सुरुवात करतो, सेकंड बेसच्या मातीवरून जातो आणि मग हिरवळीवर येतो. दहा इंच उंचीचा माउंड, मग भुसभुशीत माती, मग गवत. कुठला गोलंदाज हे मान्य करेल?

पट्टी आडवी टाका. बेसबॉलची रेषा पूर्व-ईशान्य असेल तर तिला काटकोनात येणारी पट्टी आपोआप उत्तर-दक्षिणेच्या जवळ जाते. रन-अप पूर्ण हिरवळीवर राहतो. पाच पट्ट्यांचा चौक सुमारे १५ मीटर रुंद. तो ५५ मीटरच्या खुणेवर मध्य धरून आखला तर इनफील्डच्या, म्हणजे थांब्यांभोवतालच्या भागाच्या, मातीची मागची कड जिथे संपते तिथेच त्याची सुरुवात होते. जागा घासून बसते, पण बसते.

फक्त एक भान ठेवा. पट्टी आडवी झाली की साइटस्क्रीनही आडव्या टोकांना लागतात. बेसबॉलमध्ये सेंटर फील्डला बॅटरसाठी जी गडद भिंत असते ती क्रिकेटच्या काहीच उपयोगाची राहत नाही. पांढऱ्या चेंडूला मागे काळी स्क्रीन हवी आणि ती दोन्ही टोकांना. त्या जागी तिकिटं विकून झाल्यावर हे आठवलं, तर तिकिटांचे पैसे परत करायची वेळ येते.

"मोसम वेगळे आहेत, मग भांडण कसलं?"

कागदावर हे अगदी बरोबर वाटतं. कॉलेज बेसबॉल फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो, नियमित सामने मेमध्ये संपतात. मेजर लीग क्रिकेट २०२३ आणि २०२४ मध्ये जुलैत झालं, २०२५ मध्ये १२ जूनला सुरू झालं. मध्ये चांगला श्वास घ्यायला जागा दिसते.

पण जूनमधल्या सामन्याची खेळपट्टी मार्च ते मे या काळात घडते. पाणी, रोलर, गवत कापणं, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. नेमक्या त्याच आठवड्यांत बेसबॉलचा सेंटर फील्डर त्या जागेवरून धावत असतो. रोलर मारून कडक केलेली चिकणमाती त्याच्या खांद्याला काय करेल ते झेप घेतल्यावर कळतं. आणि त्याच्या बुटांचे धातूचे खिळे त्या पट्टीला काय करतील ते क्युरेटरला विचारा.

आझाद मैदानावर एका सामन्याचा मिड-ऑन दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा असतो, तरी सगळं चालतं. ती सवय घेऊन आपण इथे "जमवून घेऊ" म्हणतो. विद्यापीठाचा विमा आणि वकील जमवून घेत नाहीत.

म्हणून ड्रॉप-इन पट्टी. बाहेर धातूच्या ट्रेमध्ये वाढवायची, बेसबॉल संपला की आणून बसवायची, बेसबॉलच्या मोसमात पट्टीच्या जागच्या खड्ड्यात हिरवळीचे ट्रे ठेवायचे. हाच रस्ता योग्य आहे, पण तोही घाईचा नाही. २०२४ च्या टी-२० विश्वचषकासाठी न्यूयॉर्कजवळ नासाऊ काउंटीत ३४,००० आसनांचं तात्पुरतं स्टेडियम उभारलं. पट्ट्या ॲडलेडच्या क्युरेटरच्या देखरेखीखाली फ्लोरिडात वाढवल्या आणि ट्रकने उत्तरेला नेल्या. स्पर्धेच्या तोंडावर त्या बसवल्या. ३ जूनला श्रीलंका दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ७७ धावांत गारद झाली. ९ जूनला भारताने पाकिस्तानविरुद्ध ११९ केल्या आणि त्या पुरल्याही! भारतीय म्हणून आनंद झाला, पण चेंडू कधी गुडघ्याला, कधी हेल्मेटला येत होता हे सगळ्यांनी पाहिलं. पट्टीला जमिनीत रुळायला वेळ हवा. वेळापत्रक बनवताना "ट्रे बसवले" आणि "पट्टी तयार" या दोन वेगळ्या ओळी ठेवा, आणि त्यांच्यामध्ये आठवडे ठेवा, दिवस नव्हे.

ट्रे आणि मैदान यांची कड रोज तपासायला माणूस नेमा. अर्धा इंच वर-खाली झाली तरी घोटा जातो.

गवत एकच चालेल असं गृहीत धरणे

फेअरफॅक्सचा पट्टा गवताच्या दृष्टीने अवघड आहे. उष्ण हवेतलं बर्म्युडा गवत हिवाळ्यात तपकिरी होऊन झोपतं, आणि थंड हवेतलं गवत जुलैत होरपळतं. बेसबॉल फेब्रुवारीत हिरवळ मागतो, म्हणून बर्म्युडावर रायग्रास पेरतात. मे-जूनमध्ये रायग्रास मरतं आणि बर्म्युडा जागं होतं. त्या अदलाबदलीत मैदान ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, चेंडूचा वेग जागोजागी बदलतो. क्रिकेटचा हंगाम नेमका त्याच वेळी. मैदान सांभाळणाऱ्या माणसाला समितीच्या पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नव्हे. गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी तोच वगळला जातो.

इनफील्डची माती क्रिकेटसाठी झाकायची की तिथे कृत्रिम हिरवळ टाकायची, हाही त्याचाच प्रश्न. मला विचाराल तर विद्यापीठासाठी कृत्रिम इनफील्ड आणि उचलून नेता येणारा माउंड हे सोयीचं. परंपरावादी बेसबॉल प्रशिक्षक नाक मुरडतील, पण आडव्या पट्टीवर पॉइंट किंवा स्क्वेअर लेगचा क्षेत्ररक्षक खड्ड्यात पाय घालणार नाही.

दिवे, डगआउट वगैरे

बेसबॉलचे दिवे इनफील्डवर जास्त प्रकाश आणि आउटफील्डवर कमी, अशा हिशेबाने लावतात. क्रिकेटचा सगळ्यात महत्त्वाचा २२ यार्डांचा तुकडा मात्र इथे आउटफील्डमध्ये आहे. दिव्यांची दिशा बदलता येईल असे खांब सुरुवातीलाच घ्या. खोल डगआउट सीमारेषेजवळ आले तर त्यांच्यावर झाकणं हवीत. पावसाची ताडपत्रीसुद्धा दोन जागी लागते, इनफील्डवर वेगळी आणि खेळपट्टीसह रन-अपवर वेगळी, त्यामुळे माणसंही दुप्पट.

सॉफ्टबॉलच्या मुली विसरणे

भारतीय देणगीदारांच्या हे लक्षात येत नाही, आणि विद्यापीठाचा वकील ते उशिरा सांगतो. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या विद्यापीठाला मुलींच्या खेळांना मुलांच्या बरोबरीच्या सोयी द्याव्या लागतात. बेसबॉल मुलांचा, त्याच्या जोडीचा सॉफ्टबॉल मुलींचा. बेसबॉलला झगमगीत स्टेडियम मिळालं आणि सॉफ्टबॉल जुन्या पायऱ्यांवर राहिला, तर तक्रार ठरलेली. पैसे बाहेरच्या देणगीदाराने दिले म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

आणि विद्यार्थ्यांचं क्रिकेट? अमेरिकन विद्यापीठांत क्रिकेट जवळपास सगळीकडे क्लबपुरतं आहे. पेनसिल्व्हेनियातलं हॅव्हरफर्ड कॉलेज हा अधिकृत संघ राखणारा दुर्मीळ अपवाद. म्हणजे जॉर्ज मेसनसारख्या ठिकाणी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ इथून आलेली मुलं स्टेडियमच्या नावाने सर्वात जास्त टाळ्या वाजवतील, आणि करारात त्यांच्या नावावर एक तासही नसेल. व्यावसायिक संघ मुख्य पट्टी देणार नाही, आणि त्याचं बरोबरही आहे. पण शेजारी मॅटिंगची एक पट्टी आणि जाळ्यांच्या तीन गल्ल्या करारातच लिहून घ्या. आठवड्यातले कुठले दिवस, किती वाजेपर्यंत, दिवे कोणाच्या खर्चाने, हे सगळं सही होण्याआधी.