ग्रीकांचं राजकारण वाचायचंय? सुरुवात अशी करा
डायरेक्ट प्लेटोच्या 'रिपब्लिक'ला हात घालू नका, दहा भाग आहेत, मध्येच दम लागतो. आधी त्याचाच 'क्रिटो' घ्या, छोटासा संवाद आहे, इ.स.पू. 399, सॉक्रेटिसला मृत्युदंड झालाय, मित्र म्हणतोय पळून चल आणि हा पठ्ठ्या कायद्याचीच बाजू मांडत बसलाय. मग 'रिपब्लिक'चा पहिला भाग, त्यात सॉक्रेटिसशी वाद घालणारा थ्रॅसिमॅकस भडकून म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचा फायदा, इथे घाई नको, सॉक्रेटिसची उत्तरं पटतात का ते स्वतः तपासा (मला तरी सगळी नाही पटत). नंतर आठवा भाग, लोकशाहीतून हुकूमशाही कशी येते ते. शेवटी ॲरिस्टॉटलचं 'पॉलिटिक्स', तिसरा-चौथा भाग बास, तिथे चिठ्ठी उचलून, म्हणजे नशिबावर सोडून, अधिकारी नेमणं लोकशाहीचं लक्षण धरलंय आणि निवडणूक मूठभरांच्या सत्तेचं!