पुठ्ठा, सूत आणि फॉइल: महालक्ष्म्यांचे चांदीसारखे दागिने घरच्या घरी

महालक्ष्म्यांची, म्हणजे गौरींची, तयारी सुरू झाली की साड्या निघतात, मुखवटे निघतात, मुखवट्यांखाली ठेवायच्या कोठ्या माळ्यावरून खाली येतात, आणि मग दागिन्यांपाशी सगळं अडतं. बाजारातले कमरपट्टे, मुकुट लांबून ट्यूबलाइटसारखे चमकतात आणि जवळ गेलं की प्लॅस्टिक दिसतं, आणि भाव पण काय कमी नाहीत ओ. त्यापेक्षा घरात पडलेला पुठ्ठा, थोडं सूत आणि पोळ्या गुंडाळायचं फॉइल घ्या. नीट केलं तर हळदीकुंकवाला आलेल्या बायका हात लावून बघतात, चांदीचा आहे का म्हणून.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. धातू खरा वाटतो तो चमकीमुळे नाही, काळेपणामुळे. जुन्या चांदीच्या दागिन्याकडे बघा, हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते, उंच भाग साडीला आणि हाताला घासून उजळ राहतात आणि खाचांमध्ये काळं तसंच बसून राहतं. बिदरी कामात पण डोळ्याला गंमत वाटते ती काळ्या-पांढऱ्याचीच, तिथं जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदी ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून भांडं काळं करतात, चांदी मात्र पांढरीच राहते. आपलं फॉइल अॅल्युमिनियमचं असल्यामुळे ते स्वतःहून असं काळं पडत नाही, म्हणून काळं आपणच भरायचं. ही पायरी गाळली की मग कितीही बारीक नक्षी करा, पोळ्यांच्या डब्यातलं फॉइलच दिसणार.

सामान सांगते. पुठ्ठा साडीच्या बॉक्सचा किंवा शर्टातून निघतो तो, पातळ आणि कडक. खोक्याचा नळीनळीचा पुठ्ठा नको, वाकवला की त्याच्या रेघा फॉइलमधून दिसतात. सूत तर सोलापुरात काय शोधायची गरज नाही, ओळखीत कुणाचा तरी लूम, म्हणजे माग, असतोच, वाया गेलेल्या सुताच्या लडी मागून आणा, जाड-बारीक दोन्ही. फेविकॉल, कात्री, इअरबड, रिकामी झालेली बॉलपेन, जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा, काळा अॅक्रेलिक रंग. शंभर-दोनशेच्या वर जात नाही, कारण अर्ध्या वस्तू घरातच असतात.

कमरपट्ट्यापासून सुरुवात करा, तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दिसतो. लांबच लांब एक पट्टी कापू नका. फॉइल लावलेली सलग पट्टी वाकवली की मोडते आणि त्या मोडीवर पांढरी रेघ उठते, मग कितीही दाबा ती जात नाही. खऱ्या कमरपट्ट्यासारख्या वेगवेगळ्या पेट्या, म्हणजे सुटे तुकडे, करायचे, मधली मोठी ८ सेंटीमीटरची, बाजूच्या ५-५ सेंटीमीटरच्या, आणि शेवटी मागून दोऱ्याने जोडायच्या. माप घेताना कोठीचं घेऊ नका, साडी नेसवल्यावरचं घ्या, निऱ्यांमुळे कंबर चांगली वीतभर वाढते.

पेट्या कापल्या की त्यावर पेन्सिलीने नक्षी काढा. नवीन माणसाने सरळ कोयरी, कमळ, ठिपक्यांची किनार एवढंच करावं, मोर आणि हत्ती नंतर. आता रेघांवर फेविकॉलची बारीक धार सोडायची आणि त्यावर सूत बसवत जायचं, बाहेरच्या रेघेला जाड, आतल्याला बारीक, आणि टोकं आत दुमडायची नाहीत, तिथंच कापायची. ठिपक्यांना बरेच लोक साबुदाणा, मसूर, मोहरी लावतात, दिसतं छान पण वर्षभर डबा बंद राहिला की आत किडे होतात आणि उंदीर तर पुठ्ठ्यासकट खातो. त्यामुळे मी तरी मणीच सांगेन, तुटलेल्या माळेचे, किंवा जुन्या टिकल्या एकावर एक तीन चिकटवून. हे सगळं पूर्ण वाळू द्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे तासाभरात खडखडीत होतं, भाद्रपदात हवा दमट असली तर रात्रभर ठेवा. म्हणूनच ज्यांना जमेल त्यांनी हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावं, पोरं पण घरी असतात, सूत चिकटवायला बसवता येतात.

पुढचं काम हळू करायचं. तीन भाग फेविकॉल, एक भाग पाणी, हे ब्रशने सगळ्या नक्षीवर पातळ लावा, खाचांमध्ये साचू देऊ नका, कारण फॉइलमधून पाणी उडून जात नाही, ते पुठ्ठ्यातूनच जाणार, जास्त झालं की पुठ्ठा फुगतो. फॉइल पेटीपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन बोटं मोठं कापा, अगदी हलक्या हाताने थोडं चुरगळा आणि परत उघडा. चुरगळायचं यासाठी की त्याला खाली बसायला थोडी ढील मिळते, एकदम ताणलेलं फॉइल सुताच्या कडेला फाटतं. चकचकीत बाजू वर ठेवायची की मॅट यावरून वाद घालत बसू नका, कारखान्यात शेवटच्या वेळेला दोन पदर एकत्र लाटतात म्हणून रोलरला लागलेली बाजू चमकते आणि आतली मॅट राहते एवढाच फरक आहे. जुनी चांदी हवी तर मॅट वर ठेवा, मला तीच आवडते.

आता टॉवेलच्या तुकड्याची गुंडी करून मधून बाहेर दाबत जा. सूत उठून दिसायला लागलं की इअरबड घेऊन प्रत्येक सुताच्या दोन्ही कडांनी फिरवा, शेवटी रिकाम्या बॉलपेनने बारीक कोपरे दाबा, पण पेन आडवं धरून, उभं धरलं की भोक पडलंच समजा. भोक पडलं तर त्यावर फॉइलचा छोटा तुकडा चिकटवून परत दाबा, काळं भरल्यावर कुणाला कळत नाही. जादा फॉइल कोपऱ्यांवर कात्रून मागे दुमडा. मग पेट्या पालथ्या न घालता त्यावर एखादी सोलापुरी चादर घडी करून ठेवा, पुठ्ठा वाकडा होत नाही आणि चादर मऊ जाड असल्यामुळे नक्षी पण दबत नाही. उन्हात अजिबात वाळवू नका, कडा वर उचलतात.

दुसऱ्या दिवशी काळं भरायचं. यूट्यूबवर सगळे बूट पॉलिश लावायलेत, फोटो फ्रेम किंवा भिंतीवरच्या वस्तूला ते चालतं, पण पॉलिश मेणाचं असतं, ते पूर्ण कधी सुकत नाही, आणि महालक्ष्मीच्या इरकलवर काळा डाग पडला तर तो कोण काढणार. साडीला लागणाऱ्या दागिन्याला अॅक्रेलिकच वापरा. पोस्टर कलर नुसता लावला तर फॉइलवर थेंब थेंब होऊन सरकतो, दुसरं काहीच नसेल तर त्यात फेविकॉल घालून लावा. रंग ब्रशने खाचांत नीट घुसवा, मिनिटभर थांबा, आणि ओल्या पिळलेल्या फडक्याने फक्त वरचे भाग पुसा. फडकं बोटाला घट्ट गुंडाळून पुसायचं, सैल असलं की ते खाचेत शिरतं आणि सगळं काळं बाहेर काढतं. लहान भाग घ्या, एक पेटी झाली की दुसरी, सगळ्यांना एकदम लावलं तर पहिली पुसेपर्यंत शेवटची सुकून जाते.

सोनं हवंय? सोनेरी रंग लावू नका. तो लावला की फॉइलची सगळी चमक झाकली जाते आणि मग फॉइलचे कष्ट कशाला घेतले असं होतं. काचेवर वापरतात तो पारदर्शक पिवळा ग्लास कलर घ्या, त्यात नारिंगीचा एखादा थेंब, आणि काळं भरून पूर्ण वाळल्यावर वरून एकच पातळ हात. खालची चमक पिवळ्यातून वर येते आणि तेच सोनं दिसतं, रुपेरी वर्खावर पिवळं वार्निश देऊन सोनं दाखवायची युक्ती कारागिरांची फार जुनी आहे. नारिंगी वाढवून चिमूटभर तपकिरी घातली की तांबं होतं. जुन्या तांब्यावरचा हिरवट थर पाहिजे असेल तर हिरवा, पांढरा आणि किंचित निळा पोस्टर कलर स्पंजने खाचांत टिपायचा, पण तो शोपीसला, देवीच्या अंगावर नको.

पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यांसारख्या गोल चकत्यांच्या, माळेला पुठ्ठाच लागत नाही. घरात लक्ष्मीचं चांदीचं नाणं असतंच, त्यावर फॉइलचे दोन पदर ठेवून कापसाने आणि मग इअरबडने घासा, चित्र जसंच्या तसं उमटतं. नाण्यावरून काढायच्या आधी मागच्या खळग्यात काही भरता येत नाही म्हणून अलगद उचला, उलटं करा, आणि फेविकॉलमध्ये खडूची पूड कालवून त्या खळग्यात भरा. वाळलं की गोल कापा, मागे कागद लावा, वर दोरा ओवायला छोटी कडी. याहून मजबूत पाहिजे तर मलमाच्या रिकाम्या ट्यूब कापून, धुऊन, सपाट करा. त्यातल्या बऱ्याच अॅल्युमिनियमच्या असतात, फॉइलपेक्षा जाड, आणि काही आतून सोनेरीच निघतात. त्याला सूत-बित नको, टॉवेलच्या घडीवर ठेवून मागून बॉलपेनने सरळ नक्षी काढा. पण कडा धारदार असतात, पोरांच्या हातात देऊ नका.

मुकुटाला दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवा, नाहीतर तो तिसऱ्या दिवशी पुढं झुकतो. मागे कापडाचं अस्तर लावलं की मुखवट्याचा रंग खरवडत नाही. आणि समया लांब ठेवा. फॉइल पेटत नाही हे खरं पण खाली पुठ्ठा आणि सूत आहे, आणि आरतीच्या वेळेला निरांजन फिरवताना कुणाचं लक्ष नसतं.

बाजूबंद, ठुशीची पट्टी, पैंजण, सगळं याच पद्धतीने होतं. नथीच्या मात्र नादी लागू नका, तेवढ्या बारीक कामाला फॉइल बसतच नाही, गोळा होतो. नथ सरळ मोत्याची, तारेत ओवलेली विकत आणा, सोलापुरात मधल्या मारुतीपाशी पाहिजे तेवढ्या मिळतात.